हेल्पडेस्कच्या कन्सोलला आवर कुठे घालायचा?

प्रश्न : हेल्पडेस्कवरच्या चौघांना एकाच शाखेच्या ओयूतले (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे ॲक्टिव्ह डिरेक्टरीतला खात्यांचा कप्पा) पासवर्ड रीसेट करता यावेत म्हणून एमएमसीमध्ये (मायक्रोसॉफ्ट मॅनेजमेंट कन्सोल) कन्सोल बनवला आणि 'यूजर मोड'मध्ये सेव्ह केला. तरी एकाने फाइलवर राइट-क्लिक करून 'ऑथर' (कन्सोलमध्ये फेरफार करू देणारा मोड) निवडलं आणि सगळं डोमेन, म्हणजे सगळ्या शाखांची खाती, उघडलं. काय राहून गेलं?

उत्तर : तुम्ही सगळी भिस्त मोडवर ठेवलीत. मोड फक्त पडद्यावर काय दिसावं ते ठरवतो. डोमेन नुसतं दिसलं म्हणून घाबरू नका, साध्या यूजरलाही त्यातलं बरंचसं वाचता येतं. बदल कोण करू शकतो हे मात्र ओयूवरच्या परवानग्यांवर ठरतं, म्हणून आधी तिकडे बघा.

हे चौघे 'डोमेन ॲडमिन्स' किंवा 'अकाउंट ऑपरेटर्स' या जादा हक्कांच्या ग्रुपमध्ये असतील तर आजच काढा. त्यांचा वेगळा ग्रुप करा. शाखेच्या ओयूवर राइट-क्लिक करून 'डेलिगेट कंट्रोल'मध्ये तो ग्रुप घ्या आणि पासवर्ड रीसेटच्या एकाच कामावर टिक करा. लॉक झालेलं खातं उघडण्याचा हक्क यात येत नाही. तो 'लॉकआउटटाइम' या प्रॉपर्टीचं रीड आणि राइट देऊन वेगळा द्यावा लागतो.

आता कन्सोल. ओयूवर 'न्यू विंडो फ्रॉम हिअर' घ्या आणि मागची 'कन्सोल रूट'ची खिडकी बंद करूनच सेव्ह करा. हे हमखास विसरतं. मोड 'लिमिटेड ॲक्सेस, सिंगल विंडो' ठेवा. फाइल शेअरवर ठेवून ग्रुपला फक्त वाचायची परवानगी द्या.

'ऑथर'ची वाट ग्रुप पॉलिसीने (डोमेनवरून सगळ्यांना लागू करायच्या सेटिंग्जनी) बंद होते : यूजर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, मायक्रोसॉफ्ट मॅनेजमेंट कन्सोल. तिथे ऑथर मोडला मज्जाव करणारी सेटिंग 'एनेबल' करा. शेजारीच ठरावीक स्नॅप-इनपुरती (कन्सोलमध्ये जोडायच्या साधनांपुरती) मुभा देणारी सेटिंग आहे. ती लावून यादीतलं 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी यूजर्स अँड कॉम्प्युटर्स' एनेबल केलं नाहीत, तर तुमचा स्वतःचा कन्सोलही उघडणार नाही. पॉलिसी या ग्रुपपुरती फिल्टर करताना 'ऑथेंटिकेटेड यूजर्स'चं रीड काढू नका. जून 2016च्या सुरक्षा अपडेटपासून यूजर पॉलिसी कॉम्प्युटरच्या खात्याने वाचली जाते. रीड गेलं की ती लागूच होत नाही.

इतकं करूनही एखाद्याच खात्यावर 'ॲक्सेस इज डिनाइड' आलं, तर त्याच्या 'ॲडमिनकाउंट' या प्रॉपर्टीत 1 आहे का बघा. ॲडमिन ग्रुपमधल्या खात्यांच्या परवानग्या डोमेन दर 60 मिनिटांनी मूळपदावर आणतं आणि ओयूकडून खाली येणाऱ्या परवानग्यांचा वारसा तोडतं. खातं अजून ॲडमिन असेल तर हात लावू नका. ग्रुपमधून केव्हाच बाहेर पडलं असेल, तर तो आकडा पुसून वारसा पुन्हा चालू करा.