भाषा नवी आहे म्हणून इयत्ता खाली नको

नमस्कार,

बदलीमुळे सात वर्षांच्या मुलाची शाळा बदलतेय. त्याची पहिली मराठीतून झाली आहे आणि नव्या शाळेची भाषा त्याला अजिबात येत नाही. शाळा म्हणते, पुन्हा पहिलीत बसवा. नातेवाईक म्हणतात, घरात मराठी बंद करा. यातलं काय ऐकायचं आणि पुढे करिअरला फटका बसेल का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही ऐकू नका.

येत असलेलीच बेरीज वर्षभर पुन्हा गिरवून भाषा येत नाही, कंटाळा मात्र येतो. शाळेकडे वयानुसार वर्ग मागा. चाचणी घ्यायचीच असेल तर गणिताची तोंडी चाचणी मराठी जाणणाऱ्या मोठ्या माणसाला बसवून घ्यायला सांगा. दुभाष्या म्हणून मोठं भावंड नको. ते अवघड प्रश्न गाळतं, नाहीतर स्वतःच उत्तर देऊन मोकळं होतं.

प्रवेश अर्जात घरच्या भाषेचा रकाना असेल तर भीतीपोटी शाळेची भाषा लिहू नका. मग शाळा जादा मदत देत नाही आणि मूल नुसतं 'कच्चं' ठरतं. जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तक यांचं अधिकृत भाषांतर आधीच करून ठेवा. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं. नाहीतर अर्ज इथेच अडकू शकतो.

पहिल्या दिवसाआधी आठ-दहा वाक्यं तोंडपाठ करून घ्या: शू लागली, पाणी हवं, पोटात दुखतंय, कळलं नाही, पुन्हा सांगा, मलाही खेळायला घ्या. 'शू लागली' सांगता न येणं ही पहिल्या आठवड्यातली सगळ्यात मोठी आपत्ती असते, हे मोठ्यांच्या लक्षातच येत नाही.

सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिनेही, तो वर्गात गप्प राहू शकतो. त्या काळात तो ऐकून साठवत असतो. 'बोल ना, बोलून दाखव' असा पाहुण्यांसमोर आग्रह नको.

खरा घोळ पुढे होतो. वर्ष-दोन वर्षांत तो मैदानावर फडाफडा बोलायला लागतो आणि शाळा जादा मदत काढून घेते. पण खेळातली भाषा वेगळी, पुस्तकातली वेगळी. भाषा-संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये हा फरक मांडला. बोलण्याची भाषा साधारण दोन वर्षांत येते. अभ्यासाच्या भाषेत बरोबरीच्या मुलांना गाठायला पाच ते सात वर्षं लागू शकतात.

हे गणित बघा: 'अमितकडे ५ पेन्सिली आहेत. त्या मीनाच्या पेन्सिलींपेक्षा २ ने जास्त आहेत. मीनाकडे किती?' मूल 'जास्त' एवढाच शब्द पकडतं आणि ७ लिहितं. उत्तर ३ आहे. तेच गणित घरी मराठीत घाला. तिथे ३ आलं तर गणित पक्कं आहे, भाषा अडली आहे. मराठीतही ७ आलं तर पेन्सिली मांडून गणितच शिकवा. गणिताची शिकवणी लावण्याआधी ही पाच मिनिटांची तपासणी करा.

याच कारणासाठी घरात मराठी चालू ठेवा. 'पेक्षा', 'म्हणून', 'उरले' या कल्पना एका भाषेत पक्क्या असल्या की दुसरीत फक्त शब्द शिकायचा उरतो. रोज वीस मिनिटं मराठी गोष्ट वाचा आणि 'असं का झालं?' विचारा. दोन भाषांची सरमिसळ झाली तर हसू नका, ओरडू नका. तो दोष नाही. आणि तुम्हालाच नीट न येणाऱ्या भाषेत मुलाशी बोललात तर 'चल, जेव, झोप' यापलीकडे संवाद जाणार नाही.

करिअरचं म्हणाल, तर सातव्या वर्षी त्याची चिंता नको. चौथी-पाचवीत विज्ञान आणि इतिहासाचे धडे लांबतात, तेव्हा मात्र लक्ष ठेवा. तो धडा घडाघडा वाचेल, पण अर्थ कळला असेलच असं नाही. पुस्तक मिटवून 'काय वाचलंस ते मराठीत सांग' म्हणा.

घरीही बोलणं मंदावलं, मराठी सूचनाही त्याला कळेनाशा झाल्या, तर मात्र नव्या भाषेवर खापर फोडू नका. आधी कानांची तपासणी करा. त्यात काही निघालं नाही तर वाचातज्ज्ञांना दाखवा आणि त्याला दोन्ही भाषांत तपासायला सांगा.