आतल्या राखणदाराशी भांडू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. मीटिंगमध्ये साहेबांनी नुसता आवाज चढवला, तर तुझी वाचाच बसली, हातपाय गार पडले आणि मग रात्रभर तू स्वतःलाच बोल लावत राहिलीस, "मी इतकी लेचीपेची कशी?" मला काळजी वाटते ती या बोल लावण्याची.

वडील पिऊन घरी यायचे तेव्हा तुला पळून जाता येत नव्हतं आणि उलट बोलायची सोय नव्हती. दोन्ही वाटा बंद झाल्या की शरीर गोठतं. श्वास उथळ होतो, आवाज फुटत नाही, आपण तिथे नाहीच असं वाटू लागतं. हे तू ठरवून केलं नाहीस. तुझ्या मज्जासंस्थेने केलं आणि त्या घरात त्यानेच तुला सांभाळलं. आज धोका नाही हे तुला कळतं. पण मेंदूतला अमिग्डाला विचार करायची वाट पाहत नाही, आवाज चढला की तो आधी शरीराला सावध करतो. म्हणून "झालं गेलं गंगेला मिळालं" म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नकोस.

तू विचारलेली सोमॅटिक एक्स्पीरियन्सिंग, म्हणजे शरीराच्या जाणिवांमधून मनावरच्या आघातावर काम करायची पद्धत, अमेरिकेत पीटर लेव्हिन यांनी १९७०च्या दशकापासून घडवली. तिथे सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला लावत नाहीत. आत्ता छातीत काय होतंय, पोटात काय होतंय, एवढंच विचारतात. जरा जास्त झालं की लक्ष पुन्हा तळव्यांवर किंवा पाठीला टेकलेल्या खुर्चीवर आणतात. असं थोडं थोडं, पुढे-मागे. घरी करायचं तर पाय फरशीवर टेकव, तिचा गारवा जाणवू दे आणि मान सावकाश वळवून खिडकी, दार, कपाट बघ. श्वासाकडे लक्ष दिल्यावर काहींची घाबरगुंडी वाढते. तसं झालं तर श्वासाकडे बघणं सोडून दे, डोळे उघडे ठेव.

दुसरी पद्धत इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, म्हणजे मनातले वेगवेगळे भाग जणू एका कुटुंबातली माणसं. रिचर्ड श्वार्ट्झ हे कुटुंबांवर उपचार करणारे. १९८०च्या दशकात त्यांच्या लक्षात आलं की रुग्ण "माझा एक भाग असं म्हणतो" अशा भाषेत बोलतात, आणि ते त्यांनी गांभीर्याने घेतलं. या पद्धतीत वाईट भाग कुणीच नसतो. तुला लेचीपेची म्हणणारी ती आतली बाई राखणदार आहे. बाहेरच्याने ओरडण्याआधी आपणच ओरडलेलं बरं, असा तिचा हिशेब. पहाटेपर्यंत रील्स बघायला लावणारा भाग दुखणं बधिर करायला धावतो. आणि या दोघांच्या मागे त्या घरात घाबरलेली लहान मुलगी आहे, म्हणजे तेव्हाची तू.

तिच्यापर्यंत धावत जाऊ नकोस. आधी राखणदाराला विचार, "तू ओरडायची थांबलीस तर काय होईल असं तुला वाटतं?" उत्तर लगेच येणार नाही. कधी शब्दांऐवजी घशात आवंढा येईल, तेही उत्तरच. ती नको म्हणाली तर तिथेच थांब. तिला ढकलून पुढे गेलं की आठवणींचा लोंढा येतो, आणि मग ती आणखी कडक होते.

या दोन्ही पद्धतींवरचं संशोधन अजून तोकडं आहे. आघातानंतरच्या आजारासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणींवर काम करणारी) आणि आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी) या उपचारपद्धती सुचवल्या, तेव्हा तेही पर्याय समजून घे. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोध. दोन दिवसांच्या शिबिरात आघात मुळापासून काढतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. रात्री फारच असह्य झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

पहिल्याच भेटीत सांगून टाक, "मी गोठले की मला बोलता येत नाही, मी हात वर केला की थांबायचं." या मागणीने जो नाराज होईल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस. भेटीनंतर लगेच ऑफिसचा कॉल ठेवू नकोस, तासभर मोकळा ठेव. आणि कुणाकडे जायचं ठरवलंस ते मला कळव.

तुझी,
ताई