हँगिंग वॉलला लटकतं काय?

प्रश्न: मुलगी जिऑलॉजीच्या पहिल्या वर्षाला आहे. फॉल्टमधली हँगिंग वॉल कुठली आणि फुटवॉल कुठली, हे ती पाठ करते आणि दरवेळी उलट लिहून येते. लटकतं काय आणि पाय कुणाचा? आम्ही शाळेत प्रस्तरभंग शिकलो, मग इंग्रजीत त्याला चूक का म्हणतात? आणि डेक्कन ट्रॅप म्हणजे सापळा का? – एक पालक, चंद्रपूर

उत्तर: तुमच्या मुलीला सांगा, पाठ करू नकोस, खाणीत जाऊन उभी राहा, निदान मनातल्या मनात तरी. हे शब्द प्रोफेसरांचे नाहीत हो, खाणकामगारांचे आहेत. पूर्वी धातूची शीर बरेचदा फॉल्टच्या, म्हणजे खडक तुटून दोन्ही बाजू जिथे एकमेकींवरून सरकल्यात त्या, तिरक्या फटीतच सापडायची, माणूस ती शीर खोदत तिरका खाली जायचा, मग पायाखाली जो खडक तो फुटवॉल आणि डोक्यावर झुकलेला तो हँगिंग वॉल, बस एवढंच. कंदील वरच्या भिंतीला टांगायचे म्हणून हँगिंग असंही सांगतात, पण मला ते पटत नाही, कारण जर्मन खाणवाले या दोन बाजूंना 'लटकणारं' आणि 'पडून असलेलं' म्हणतात, म्हणजे लटकतो तो खडकच.

आता फॉल्ट. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ फसवणं, कमी पडणं. कोळशाच्या सीममधून, म्हणजे थरातून, खोदत चाललोय आणि अचानक समोर नुसता दगड, कोळसा गायब! खाणवाल्याच्या दृष्टीने तो दगाच की. आपला प्रस्तरभंग हा शब्द खडकाचं काय झालं ते सांगतो, फॉल्ट हा शब्द माणसाचं काय झालं ते सांगतो, मला दोन्ही आवडतात.

मग हरवलेला कोळसा शोधायचा कुठे? ब्रिटनच्या कोळसाखाणीत बहुतेक ठिकाणी हँगिंग वॉलचा तुकडा खाली घसरलेला असायचा म्हणून त्याला नॉर्मल फॉल्ट म्हणायला लागले आणि तो वर चढलेला असेल तर रिव्हर्स. नॉर्मल असेल तर हिशोब सोपा: समोरचा दगड आपल्या डोक्यावर झुकलेला असेल तर आपण फुटवॉलकडून आलोय, कोळसा पुढे खाली गेलाय. तोच दगड खालून पायाकडे पुढे आलेला असेल तर आपण हँगिंग वॉलमध्ये आहोत, कोळसा वर शोधायचा. हे एकदा कागदावर काढून बघायला सांगा, परत चुकणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप रिव्हर्स प्रकारचा होता, म्हणजे वरचा तुकडा वर सरकला. फॉल्ट अगदी उभाच असेल तर मात्र डोक्यावर काही नाही न् पायाखाली काही नाही, तिथे हे शब्द चालतच नाहीत.

खाणीतली नावं अशीच अनुभवातून आलीत. निकेलचंच बघा, तांब्यासारखं दिसणारं खनिज भट्टीत टाकलं की तांबं निघायचं नाही, म्हणून जर्मन कामगारांनी त्याला तांब्याचं भूत अशा अर्थाचं नाव दिलं आणि १७५१ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश माणसाने त्यातून नवा धातू काढला तेव्हा भुताचं नाव तेवढं धातूला चिकटलं.

आणि डेक्कन ट्रॅप, म्हणजे आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा खडक, त्यातला ट्रॅप म्हणजे सापळा नाही, तो स्वीडिश भाषेतला जिना आहे. लाव्हाचे थर एकावर एक बसले, झिजले आणि डोंगराला पायऱ्या पडल्या. पावसाळ्यात माळशेज घाटात गेलात तर बघा, प्रत्येक पायरीवरून वेगळा धबधबा उडी मारतो.