वाचकांचे प्रश्न : हप्त्याचा मोबाईल आणि दहावीचा फळा

प्रश्न : मी दहावीला बीजगणित शिकवते. ‘अर्थनियोजन’मधली जीएसटीची गणितं मुलं पटापट सोडवतात, पण मोबाईल हप्त्यावर घ्यायचा म्हटलं की ‘महिन्याला परवडतंय ना’ एवढंच बघतात. एका तासिकेत काय घेता येईल? – एक शिक्षिका, सांगली

उत्तर : उदाहरण एकच घ्या, पण फळा भरून घ्या. मोबाईल 12,000 रुपयांचा, ‘फक्त 12 टक्के फ्लॅट’ (म्हणजे व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच), मुदत 12 महिने. व्याज 1,440, हप्ता 1,120. दर विचारलात तर अख्खा वर्ग 12 म्हणेल. गफलत तिथेच आहे, कारण 12,000 रुपये वर्षभर आपल्याकडे राहतच नाहीत. दर हप्त्याला 1,000 मुद्दल फिटतं. फळ्यावर चार रकाने आखा : महिना, सुरुवातीची बाकी, मुद्दल, व्याज. बाराही ओळी मुलांकडून भरून घ्या, मधल्या गाळू नका. बाराव्या ओळीत बाकी 1,000 आणि व्याज तरीही 120! हे स्वतः लिहिलं की वेगळं सांगावं लागत नाही.

मग ‘सुरुवातीची बाकी’ या रकान्याची बेरीज. ही तर अंकगणिती श्रेढीच : 78,000. भागिले 12, सरासरी बाकी 6,500. तिच्यावर 1,440 व्याज म्हणजे 22 टक्क्यांच्या किंचित वर. काटेकोर दर साधारण 21.5 येतो, शाळेत संगणक असेल तर स्प्रेडशीटच्या ‘रेट’ सूत्रात 12, -1120, 12000 भरा आणि उत्तराला 12 ने गुणा.

‘नो कॉस्ट’ हप्त्याला मात्र दर शोधत बसू नका, रोखीचा भाव विचारायला शिकवा. समजा, रोखीने 600 रुपये सूट मिळत होती आणि हप्त्यासाठी प्रोसेसिंग फी 199 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 235. बिनव्याजी म्हणवणारा हप्ता 835 रुपयांना पडला.

1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या वैयक्तिक मुदत कर्जासोबत सगळी शुल्कं धरून काढलेला वार्षिक दर लेखी देणं बँका व वित्तसंस्थांना बंधनकारक आहे. (क्रेडिट कार्डाची थकबाकी त्यात येत नाही.) कुणा पालकाकडे असा कागद असेल तर नाव झाकून वर्गात आणा. जाहिरातीतला दर आणि हा दर शेजारी शेजारी लिहा.

प्रश्न : मुलगी नववीत आहे. तिच्या एकटीच्या नावावर खातं निघेल का? – एक पालक, चिपळूण

उत्तर : निघेल. 10 वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. रकमेची मर्यादा आणि एटीएम कार्ड द्यायचं की नाही, हे बँक ठरवते. खात्यात उणे शिल्लक चालत नाही. वह्या, रिक्षा, खाऊ असा महिन्याचा खर्च एकदाच भरा. पैसे बहुधा पहिल्याच आठवड्यात संपतील. त्यानंतर आईने गुपचूप शंभर रुपये दिले, की खातं काढूनही काही उपयोग नाही.