अर्जावर सही कोणाची?

प्रश्न : ताई, मी अमेरिकेतल्या एका लहान शहराच्या उद्यान विभागात काम करते. फेडरल अनुदानाचा अर्ज तयार आहे. मेयर सही करायला एका पायावर तयार आहेत, आमचे विभागप्रमुख म्हणतात मीच करतो, आणि शहराला सिटी मॅनेजरही आहे. सही नेमकी कोणी करायची?

उत्तर : सहीचं नंतर बघू, आधी शहराचं दफ्तर सांभाळणाऱ्या सिटी क्लार्ककडे जा आणि सही कोणी करायची हे सांगणारा कौन्सिलचा, म्हणजे निवडून आलेल्या नगरपरिषदेचा, ठराव आहे का ते विचारा. मी अशाच एका कचेरीत नोकरी केली आहे. अर्ज उत्तम, पण सही करणाऱ्याला अधिकारच नाही, हे पाहिलं की फार जिवाला लागायचं.

मॅनेजर आहे म्हणजे तुमच्याकडे बहुधा कौन्सिल-मॅनेजर पद्धत असावी. तिथे मेयर सभा चालवतात, कारभार मॅनेजर बघतात. निवडून आले एवढ्यावरून मेयरांना सहीचा अधिकार मिळत नाही. काही शहरांत मेयरच कारभार बघतात, तिथलं वेगळं. तुमच्याकडे काय आहे ते शहराच्या चार्टरमध्ये, म्हणजे कारभाराच्या मूळ नियमावलीत, सापडेल.

आता एसएफ-४२४ हा फेडरल अनुदानाच्या अर्जाचा ठरावीक फॉर्म काढा आणि २१वा रकाना नीट वाचा. खोटी माहिती दिल्यास फौजदारी कारवाई होऊ शकते, हे तिथे सही करणाऱ्यालाच उद्देशून लिहिलंय. सूचनांमध्ये आणखी एक अट आहे : या व्यक्तीला सहीचा अधिकार दिल्याची प्रत अर्जदाराच्या दफ्तरी हवी. ती प्रत म्हणजेच तो ठराव. ठरावात माणसाचं नाव घालू नका, हुद्दा घाला. मॅनेजर बदलले तरी तो चालतो. विभागप्रमुखांना सही करायची असेल तर त्यांचा हुद्दाही ठरावात किंवा लेखी अधिकारपत्रात हवा. तोंडी ‘हो’ चालत नाही.

अर्ज ग्रँट्स डॉट गव्ह या फेडरल अनुदानांच्या संकेतस्थळावरून जाणार असेल तर कागदावरच्या सहीने भागणार नाही. तिथे ‘ऑथराइज्ड ऑर्गनायझेशन रिप्रेझेंटेटिव्ह’ ही भूमिका ज्याला मिळाली आहे, तोच अर्ज सादर करू शकतो. ती भूमिका देतो सॅम डॉट गव्ह या फेडरल नोंदणीच्या संकेतस्थळावर शहराचा ‘ई-बिझनेस’ संपर्क म्हणून नोंदलेला माणूस. तो कोण, हे आजच शोधा. नोकरी सोडून गेलेल्याचंच नाव तिथे राहिलेलं असू शकतं, आणि ते बदलायला वेळ लागतो.

मेयरांचा उत्साह मात्र वाया घालवू नका. त्यांच्याकडून पाठिंब्याचं पत्र घ्या आणि ठराव पुढच्याच सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा. विषयपत्रिका सभेआधी जाहीर करावी लागते, म्हणून क्लार्कना उद्याच गाठा.