कोच लोकांचे ट्रेनिंग डे: तेच तेच प्रश्न आणि एका प्रश्नावर जरा जास्तच

सीझन जवळ आला की घोडेस्वारी शिकवणाऱ्या इन्स्ट्रक्टर मंडळींचे ट्रेनिंग डेबद्दल मेसेज सुरू होतात आणि त्यातले निम्मे एकाच साच्यातले असतात, कुठलं सर्टिफिकेट चालतं, किती दिवसांचं, किती पैसे. प्रत्येकाला वेगळं टाइप करून हात दुखले, म्हणून यावेळी सगळ्यांना एकत्रच उत्तर देतेय. नावं काढलीयत, प्रश्न छोटे केलेत.

प्रश्न: मॅडम, नाशिकला एका हॉटेलात २ दिवसांचा 'इंटरनॅशनल रायडिंग कोच' कोर्स आहे. शेवटी लेव्हल १ सर्टिफिकेट देणार म्हणतात, आजच फी भरली तर सूट आहे. करू का?

त्यात घोडा आहे का? तुम्ही पाठवलेल्या जाहिरातीत हॉटेल आहे, लंच आहे, किट बॅग आहे, फोटोग्राफरसुद्धा आहे, घोडा मला कुठे दिसला नाही.

लेव्हल १, २, ३ ही भाषा एफईआयच्या कोचिंग सिस्टीमची, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या लोझानला घोडेस्वारीची जी जागतिक फेडरेशन आहे तिची. ते कोर्स आपल्याकडे यायचे तर इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियामार्फतच येतात. त्यामुळे पैसे भरायच्या आधी फेडरेशनला सरळ ईमेल करून विचारा की हा कोर्स तुमचा आहे का. लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. 'आजच सूट' वाल्यांना तुम्ही थांबलेलं चालत नाही, त्यावरूनच काय ते समजा.

आयोजकांना तीन गोष्टी विचारा. शिकवणाऱ्याचं स्वतःचं क्वालिफिकेशन काय. मी शिकवत असताना रिंगच्या कडेला उभं राहून मला कोण बघणार आणि नंतर माझ्याशी कोण बोलणार. आणि या कोर्समध्ये कधी कुणी नापास होतं का. तिसऱ्या प्रश्नावर हसून 'नाही नाही, सगळ्यांना मिळतं' असं म्हणाले तर किट बॅग बाजारात स्वस्त मिळते, तिकडून घ्या.

प्रश्न: एफईआयच्या 'कॅम्पस' वेबसाइटवर फुकट ऑनलाइन कोर्स आहेत. ते केले तर ट्रेनिंग डेला जायची गरज आहे का?

कोर्स चांगले आहेत, करा. आणि जा.

प्रश्न: ताई, मी माथेरानचा. वडील आणि आजोबा घोडेवाले, मी २२ वर्षांचा आहे, लहानपणापासून घोड्यांतच आहे. मला कोच व्हायचंय पण इंग्रजी येत नाही आणि असल्या ठिकाणी मोठ्या क्लबची माणसं असतात. मला बसू देतील का?

अरे बसू देतील म्हणजे काय, तुझ्यासारखी माणसं येत नाहीत हीच माझी तक्रार आहे. लाल मातीच्या उतारावर नवखा टुरिस्ट पाठीवर घेऊन घोडा कसा पाय टाकतो, कुठे कचरतो, हे तू रोज बघतोस, आणि रिंगमध्ये सपाट वाळूवर शिकलेल्या कोचला ते दिसतही नाही. आपल्या बऱ्याच क्लबमधले जुने इन्स्ट्रक्टर फौजेतून रिटायर झालेले दफेदार, रिसालदार. त्यांनी हिंदीतच शिकवलं आणि भलेभले रायडर तयार केले, तेव्हा इंग्रजीचं टेन्शन घेऊ नको.

एक मात्र आहे. स्वतः घोड्यावर छान बसता येणं आणि दुसऱ्याला बसायला शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. घरात घोडे असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण त्यांना कुणी पायऱ्या पाडून शिकवलेलंच नसतं. लाँजवर, म्हणजे लांब दोरीवर घोडा गोल फिरवताना, नवशिक्याला काय आधी सांगायचं, काय मुद्दाम सांगायचं नाही, दुडकीत उठबस जमत नसेल तर पाय बघायचा की कंबर, हे शिकावं लागतं. आयोजकांना आधी फोन करून सांग की मराठी-हिंदीत समजावणारं कुणीतरी लागेल, फी कमी होते का तेही विचार, लाजू नको. आणि पहिला दिवस नुसता बघायला गेलास तरी चालेल.

प्रश्न: आमच्या क्लबमध्ये (कोल्हापूर बाजू) १२ वर्षांचा मुलगा कँटरमध्ये (मध्यम दौडीत) घोड्यावरून पडला. हेल्मेट होतं, शुद्ध गेली नाही, नंतर एकदा उलटी झाली, डोकं दुखतंय म्हणाला. सीनियर सर म्हणाले लगेच परत बसवा नाहीतर भीती बसते, बसवला. डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला, नॉर्मल आहे. पडून ४ दिवस झाले, अजून १० दिवसांनी शो आहे, पालकांना तो खेळायला हवाय. हल्ली प्रत्येक ट्रेनिंग डेला कन्कशनवर (धक्का बसून होणारी मेंदूची इजा) एक तास घालवतात, ते जरा फॅड नाही का?

नाही. आणि या उत्तराला मी लांबी बघणार नाहीये.

आधी तुमच्या मुलाचं. तो शो खेळणार नाही. ज्या डॉक्टरांनी स्कॅन केला त्यांच्याकडे किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे त्याला परत न्या, 'कन्कशन आहे का आणि खेळ परत कधी' हा प्रश्न स्पष्ट विचारा, उत्तर कागदावर घ्या. तोपर्यंत घोडा नाही. सायकल नाही, फुटबॉल नाही.

आता बाकीच्यांसाठी. सीटी स्कॅन रक्तस्राव किंवा फ्रॅक्चर आहे का ते दाखवतो. कन्कशन म्हणजे मेंदूच्या कामात झालेली गडबड, ती स्कॅनमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही, त्यामुळे 'स्कॅन नॉर्मल' म्हणजे 'मुलगा नॉर्मल' असा अर्थ काढू नका. शुद्ध गेली नाही म्हणून काही झालं नाही, हीसुद्धा ऐकीव गोष्ट. कन्कशन झालेल्यांपैकी दहात एकापेक्षाही कमी जणांची शुद्ध जाते. आणि लक्षणं कधी कधी काही तासांनी, दुसऱ्या दिवशी सुरू होतात, म्हणून पडल्यापडल्या 'मी ठीक आहे सर' म्हणणाऱ्या पोराच्या शब्दावर जायचं नाही. तो ठीक आहे असंच म्हणणार, त्याला ग्रुपसमोर रडायचं नसतं.

मग 'लगेच परत बसवा' हे. ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हट्टी समजूत. गुडघा खरचटला, वाळूवर बसका पडला, डोक्याला काहीच लागलेलं नाही अशा वेळी ठीक आहे, बसवा. पण डोकं आपटलं असेल किंवा आपटलं की नाही याची खात्री नसेल तर त्या दिवशी तो रायडर परत चढत नाही, विषय संपला. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला तर लहान वयात मेंदूला सूज येऊन जीव जाऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं. भीती बसेल म्हणता ना? डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आधी घोड्याला खरारा करू द्या, हाताने चालवू द्या, मग लाँजवर नुसती वॉक. भीती अशी जाते. मेंदूची इजा अशी जात नाही.

ब्रिटनमध्ये २०२३ साली क्लब आणि शाळांच्या पातळीवरच्या सगळ्या खेळांसाठी गाइडलाइन आली. पहिले २४ ते ४८ तास आराम, मग हळूहळू रोजचं जगणं, डोक्याला मार बसू शकेल असं ट्रेनिंग किमान १४ दिवस कुठलंही लक्षण नसेल तरच, आणि स्पर्धा २१ दिवसांच्या आत कधीच नाही. आपल्याकडे तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा, पण हा हिशोब पालकांसमोर ठेवायला बरा पडतो, कारण कोचचं ऐकत नाहीत.

वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, फिट, हातापायात जोर नसणं, बोलणं अडखळणं, कानानाकातून पाणी किंवा रक्त, यातलं एकही दिसलं तर १०८ आणि हॉस्पिटल, घरी फोन नंतर. मान दुखतेय म्हणाला तर हलवू नका, श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका.

हेल्मेटचं पण बोलूनच टाकते. स्कूटरचं आयएसआय हेल्मेट, क्रिकेटचं हेल्मेट, मखमली काळी टोपी ज्यात आत नुसता प्लास्टिकचा कटोरा असतो, यातलं काहीही घोड्यावर चालत नाही. आत घोडेस्वारीच्या हेल्मेटच्या स्टँडर्डचं लेबल बघा, पास ०१५, किंवा एएसटीएम एफ ११६३ सोबत एसईआयचा शिक्का, किंवा व्हीजी १. लेबल नाही आणि दुकानदार 'इम्पोर्टेड आहे मॅडम' म्हणतोय तर ते शोकेसमध्ये ठेवायला घ्या. ज्या हेल्मेटवर जोरात आपटलं ते बाद, बाहेरून चकचकीत दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. तुमच्या त्या मुलाचं हेल्मेट आज दुसरंच कुणीतरी घालून बसलंय, मला खात्री आहे.

आणि म्हणून ट्रेनिंग डेला हा तास हवा, पण स्लाइडवर नको, रिंगमध्ये हवा. एक कोच पडल्याचं नाटक करतो, दुसऱ्याने बाकीची सगळी राइड थांबवायची, सुटलेला घोडा कोण धरणार, १०८ ला कोण फोन करणार, गेटवर ॲम्ब्युलन्सला रस्ता दाखवायला कोण जाणार, पालकांचा नंबर कुठल्या वहीत आहे. पहिल्यांदा करताना प्रत्येक ठिकाणी तीनजण फोन लावायला धावतात आणि घोडा धरायला कुणीच नसतं.

प्रश्न: येत्या रविवारी क्लिनिक (रायडिंगचं ट्रेनिंग शिबिर) आहे, ३ दिवस राहिले. माझा घोडा घेऊन यायचाय, काय कागद लागतात?

या रविवारी घोडा घरीच ठेवा, तुम्ही या.

ग्लँडर्स आणि ईआयए या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांचे रक्ताचे रिपोर्ट, व्हेटचं हेल्थ सर्टिफिकेट, धनुर्वाताची लस, हे जवळपास सगळीकडे मागतात, आणि मागायलाच हवं. ग्लँडर्स माणसाला होतो. पॉझिटिव्ह जनावर प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याखाली मारावं लागतं आणि आजूबाजूच्या तबेल्यांची हालचाल बंद होते. सॅम्पल जाऊन रिपोर्ट यायला वेळ लागतो, हिसारच्या एनआरसीईपर्यंत (घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र) कन्फर्मेशनला गेलं तर आणखी. जुन्या रिपोर्टची तारीख खाडाखोड करून आणणारे महाभाग असतात, त्यांना गेटवरूनच परत पाठवते. पुढच्या क्लिनिकसाठी आत्ताच व्हेटला बोलवा, किती दिवसांचा रिपोर्ट चालतो ते आयोजकांना विचारा.

प्रश्न: वीकेंडला मोठ्या वजनाचे लोक येतात, ८५-९० किलोचे. आमचे घोडे मारवाडी क्रॉस. घोड्यावर त्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त ओझं नको, हा नियम खरा आहे का?

नियम नाही, अंदाज आहे, पण बरा अंदाज आहे. २००८ साली ओहायोत आठ घोड्यांवर वजन वाढवत नेऊन बघितलं होतं, घोड्याच्या वजनाच्या २५ आणि ३० टक्क्यांवर पाठीचे स्नायू दुखायची लक्षणं स्पष्ट वाढली.

वजनकाटा नसेल तर टेप घ्या. खांद्यामागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १७० आणि लांबी १५० असेल तर ३६५ किलोच्या आसपास येतं. त्याचे २० टक्के ७३ किलो, खोगीर आणि बूट धरून. म्हणजे तुमचा ९० किलोचा पाहुणा बसत नाही. म्हातारा, बारीक किंवा पाठ धरलेला घोडा असेल तर ७३ सुद्धा जास्त, व्हेटला पाठ दाखवा. पाहुण्याला नाही म्हणायला जड जातं मान्य, पण पाटी लावली की बोलावं लागत नाही.

प्रश्न: एका डेमोत बाहेरून आलेल्या ट्रेनरने घोडा अडला की चाबूक वाढवा, नोजबँड (नाकावरचा पट्टा) आणखी एक भोक घट्ट करा असं सांगितलं. मोठा माणूस आहे, आम्ही गप्प बसलो.

टोकियो ऑलिम्पिक आठवतं? ऑगस्ट २०२१, मॉडर्न पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा, त्यात घोडेस्वारीही होती), जर्मन रायडर रडतेय, सेंट बॉय नावाचा घोडा पुढे जायला तयार नाही आणि कडेला उभी असलेली कोच मार म्हणून ओरडतेय, वर स्वतः घोड्याला बुक्की. कोचला स्पर्धेतून काढलं, आणि पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली. तीसुद्धा मोठीच कोच होती.

नोजबँडमध्ये दोन बोटं जायला हवीत, आणि ती नाकाच्या हाडावर मोजायची, गालावर नाही. गालावर कितीही घट्ट असलं तरी बोटं जातात, तीच पळवाट आहे. अडणारा घोडा आधी व्हेटला दाखवा, दात, पाठ, खूर. पुढच्या वेळी हात वर करून 'सर, याला कुठे दुखत नाहीये ना हे तपासलंय का' एवढंच विचारा.

प्रश्न: एका विद्यार्थिनीने सांगितलं की घोड्यावर चढवताना सईस नको तिथे हात लावतो. क्लब म्हणतो आधी आत चौकशी करू, बाहेर बोलू नका.

मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सो २०१२ (मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा) प्रमाणे कळलेल्या माणसाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. क्लबच्या चौकशीची वाट बघायची नाही. १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला किंवा पोलीस स्टेशनला आजच. वकील नंतर बघा. मुलीला परत परत खोदून विचारू नका आणि तो माणूस उद्यापासून मुलांच्या जवळ नको.

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये असते, बीएचएसचं (ब्रिटिश हॉर्स सोसायटी) स्टेज २ झालंय. पुण्यात परत आल्यावर ते चालेल का?

बीएचएसचं नाव इथल्या चांगल्या क्लबना माहीत आहे, दार उघडेल. पण तिथे तुम्ही शांत, दणकट कॉब घोड्यांवर नवशिके शिकवलेत, इथे तुमच्या हातात रेसकोर्सवरून रिटायर झालेला थरोब्रेड देतील. आल्यावर काही आठवडे इथल्या जुन्या इन्स्ट्रक्टरच्या मागे उभं राहा. तिकडे असेपर्यंत फर्स्ट एड आणि सेफगार्डिंगची सर्टिफिकेट चालू ठेवा, नेमकं काय लागतं ते बीएचएसलाच विचारा.

प्रश्न: ट्रेनिंग डेला येताना काय आणू?

वही, पाणी, लेबलवालं हेल्मेट, आणि स्वतः शिकवतानाचा १० मिनिटांचा व्हिडिओ आवाजासकट, त्यात मुलं असतील तर पालकांची लेखी परवानगी घेऊन. टाच असलेले बूट घाला. स्पोर्ट्स शूजमध्ये आलात तर दिवसभर कठड्याबाहेर बसून बघाल, आधीच सांगते.