गाळ, उन्हाळा आणि काळी बिअर

वाळूज आणि चिकलठाण्याच्या बिअर कारखान्यांत माझी नोकरी झाली, तीही बहुतेक चव-चाचणीच्या टेबलावर. निवृत्तीनंतर वाटलं होतं, सुटलो. पण हल्ली घरटी कुणी ना कुणी परदेशी असतं, ते येताना बेल्जियमच्या किंवा इंग्लंडच्या गडद, बाटलीतच मुरवलेल्या बिअर आणतं आणि फोन मला येतो. प्रश्न तेच ते. म्हणून निवडक प्रश्नांना एकदाच उत्तरं देऊन टाकतो. वाचकाचं वय आणि परवाना कायद्यात बसतो हे गृहीत धरलंय. बसत नसेल तर हे पान उलटा.

बाटलीच्या तळाशी राखेसारखा गाळ बसलाय. बिअर खराब झाली का? (जालना)

नाही. ते यीस्ट आहे.

या बिअरमध्ये बाटली भरतानाच थोडी साखर आणि जिवंत यीस्ट ठेवतात, झाकण लावतात आणि दोन-तीन आठवडे उबदार खोलीत उभी करतात. आत ती पुन्हा आंबते आणि वायू तिथेच मुरतो. लिटरला साधारण 4 ग्रॅम साखर पडली की बिअरच्या आकारमानाइतका वायू तयार होतो. काम झालं की यीस्ट तळाला बसतं. पोटाला चालतं, पण ज्यांना आधीच गॅसेसचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाळ पिऊ नये.

जितकी काळी तितकी कडक, बरोबर ना? (बीड)

चूक. रंग भाजलेल्या माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, कडकपणा अल्कोहोलचा. आयर्लंडची प्रसिद्ध काळी ड्राफ्ट गिनेस 4.2 टक्क्यांची, आणि बेल्जियमची सोनेरी दिसणारी ड्यूव्हेल 8.5 टक्क्यांची. मात्र एक हिशेब लक्षात ठेवा. बेल्जियमचीच रोशफोर 10 ही गडद बिअर 11.3 टक्क्यांची आहे. तिच्या 330 मिलीच्या छोट्या बाटलीत सुमारे 37 मिली शुद्ध अल्कोहोल असतं, आणि आपल्याकडच्या 650 मिलीच्या 5 टक्केवाल्या मोठ्या बाटलीत 32.5 मिली. ‘एवढीशी तर बाटली’ म्हणून गाडीची चावी हातात घेऊ नका.

काका, भावाने दोन वर्षांपूर्वी सहा बाटल्या आणल्या. वाइनसारख्या मुरू द्याव्यात म्हणून माळ्यावर खोक्यात ठेवल्यात. आता भारी झाल्या असतील ना? (लातूर)

माळ्यावर! लातूरच्या माळ्यावर! बाळा, त्यापेक्षा तव्यावर ठेवल्या असत्यास तरी चाललं असतं.

‘जुनी तितकी भारी’ हे कुणीतरी कुणाला सांगितलं आणि ते गावभर झालं. काही गडद, जोरकस बिअर वर्षानुवर्षं टिकतात हे खरं. बाटलीतलं जिवंत यीस्ट उरलेला ऑक्सिजन खाऊन टाकतं, म्हणून त्या गाळलेल्या बिअरपेक्षा जास्त दिवस ताज्या राहतात, हेही खरं. पण हे सगळं तळघराचं गणित आहे, 12 अंशांच्या. आपल्याकडे मे महिन्यात 42 अंश म्हणजे नवल नाही, आणि माळ्याच्या डोक्यावर स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग खाली सोडतो. ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की रासायनिक बदलांचा वेग दुप्पट होतो. 12 वरून 42 म्हणजे तीनदा दुप्पट, आठपट. तुझ्या माळ्यावरचे उन्हाळ्याचे तीन महिने म्हणजे तळघरातली दोन वर्षं. तू दोन उन्हाळे काढलेस.

नेमकं बिघडतं काय? एक, ऑक्सिजनचा परिणाम. तो थोडा झाला तर गडद बिअरमध्ये खजूर, मनुका, काकवी असे वास येतात आणि ते छान लागतात. लोक इथेच फसतात. त्यांना वाटतं, अजून ठेवली की अजून छान. पण पुढची पायरी ओल्या पुठ्ठ्याची असते. दोन, यीस्ट. उपाशी आणि उष्म्यात पडलेलं यीस्ट फुटतं, त्याच्या पोटातलं सगळं बिअरमध्ये उतरतं, आणि चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसचा, अळणी मटणाच्या पाण्याचा वास यायला लागतो. तो एकदा आला की जात नाही. फ्रीजमध्ये ठेवून तर मुळीच नाही.

मी स्वतः हे पाप केलंय. एका मित्राने आणलेल्या डझनभर बाटल्यांपैकी माझ्या वाट्याच्या सहा बाटल्या आठ दिवस गाडीच्या डिकीत विसरल्या गेल्या, एप्रिलअखेरीस. नंतर चार जाणकारांसमोर मी ती बिअर चाखली आणि बनवणाऱ्याचे वाभाडे काढले. पंधरा दिवसांनी मित्राच्या फ्रीजमधली, त्याच बॅचची बाटली उघडली. अंजीर, भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा, शेवटी हलकासा कडवटपणा. गुन्हा डिकीचा होता आणि शिव्या खाल्ल्या ब्रुअरने. तेव्हापासून बाटली हातात आली की मी आधी विचारतो, ही उन्हाळ्यात होती कुठे?

तर आता काय करायचं? सहाही बाटल्या उभ्या, अंधारात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. दारात नको, तिथे सारखी हालतात. दोन दिवसांनी एक उघड. सोया सॉस आला तर बाकीच्या बाटल्या पाहुण्यांना देऊ नकोस, नाव माझंही जाईल. शंका असेल तर बाटलीवरच्या तारखेचा आणि बॅच नंबरचा फोटो घेऊन एखाद्या ब्रुअरला प्रत्यक्ष चाखायला दे. फोनवर वास येत नाही.

दुकानदार म्हणतो ही ‘बॉटल कंडिशन्ड’, म्हणजे बाटलीतच मुरवलेली आहे, म्हणून दुप्पट भाव. खरं कसं ओळखायचं? (छत्रपती संभाजीनगर)

बाटली न हलवता उजेडासमोर धरा आणि बूड बघा. बुडाला पातळसा थर दिसला पाहिजे. काच-बूड चकचकीत असेल तर ती बहुधा गाळलेली, वायू बाहेरून दाबून भरलेली बिअर आहे. ती वाईट असते असं नाही, पण मग दुप्पट पैसे कशाचे? तसंच घटकांच्या यादीत ‘कॅरॅमल रंग’ दिसला तर काळेपणा भट्टीतल्या माल्टचा किती आणि रंगाचा किती, हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे. काळ्या भाजलेल्या माल्टची चव कोऱ्या कॉफीसारखी, किंचित करपट असते. नुसत्या रंगाची तशी नसते. ‘क्राफ्ट’, ‘आर्टिसनल’, ‘मठाची परंपरा’ हे शब्द छापायला शाईपेक्षा जास्त खर्च येत नाही. मठातली म्हणून ट्रॅपिस्ट (हा एक ख्रिस्ती साधुपंथ) शिक्का लागतो तो मठाच्या आवारात, तिथल्या साधूंच्या देखरेखीखाली बनली तरच.

हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. परीक्षकासारखी चव घ्यायला कसं शिकू? (नांदेड)

आधी गुटखा सोड. थट्टा नाही. सुपारी-तंबाखूवर पोसलेल्या जिभेला कडू आणि करपट यातला फरक कळत नाही. चाखायच्या आधी तासभर चहा नको, तर्रीचा रस्सा नको. मध्ये मध्ये साधं पाणी आणि कोरी भाकरी.

ग्लास वाइनचा, तोंडाशी निमुळता, साबणाचा अंशही न राहिलेला. भिंतीला बुडबुडे चिकटले तर ग्लास अस्वच्छ आहे. बाटली दोन दिवस उभी ठेवलेली असावी. फ्रीजमधून काढल्यावर उन्हाळ्यात वीसेक मिनिटं, हुरड्याच्या दिवसांत पाऊण तास थांब. 10 ते 14 अंशांना वास खुलतो. बर्फगार बिअर म्हणजे सर्दी झालेल्याने अत्तर विकत घेणं. ओतायला लागलास की बाटली परत सरळ करायची नाही. एकाच संथ धारेत ओत, खांद्यापाशी गढूळ ढग आला की थांब. तळाचा घोटभर वेगळ्या ग्लासात घे आणि तोही चाख, फरक तिथे शिकशील.

आधी वास, लगेच, फेस बसायच्या आत. मग रंग, मग घोट, आणि घोट गिळायचा. वाइनवाले थुंकतात, बिअरचा कडवटपणा गिळल्यावरच नीट कळतो. बीजेसीपी या परीक्षक संस्थेच्या 50 गुणांच्या तक्त्यात वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या जाणिवेला 5 आणि एकूण मताला 10 गुण आहेत. रूपाला फक्त 3, आणि आपली मंडळी निम्मा वेळ फोटो काढण्यात घालवतात.

शब्द मात्र आपले वापर. पुस्तकात उजेडाने बिघडलेल्या बिअरचा वास स्कंकसारखा असं लिहिलेलं असतं. नांदेडात स्कंक कुणी पाहिलाय? जळक्या रबराचा आणि लसणाचा, असं लिही. डायअसिटिल आणि डीएमएस ही बिअरमधल्या दोषांची नावं: पहिल्याचा वास म्हणजे थिएटरच्या पॉपकॉर्नचं लोणी, दुसऱ्याचा उकडलेला मका. आणि ‘मी डोळे झाकून ओळखतो’ म्हणणाऱ्याला तीन ग्लास दे, दोन सारखे, एक वेगळा. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर सांगतोच, म्हणून परीक्षा सहा-सात वेळा घे. मोठमोठे गप्प बसतात.

बाटली उघडली की निम्मी फसफसून बाहेर. (परभणी)

गरम असेल तर आधी रात्रभर गार करा. गार असूनही उसळते म्हणजे साखर जास्त पडली किंवा आत भलतं यीस्ट शिरलं. उरलेल्या बाटल्यांना हात लावताना जाड टॉवेल आणि चष्मा. बाटली फुटली तर काच सरळ तोंडावर येते. आमच्या भरणी लाइनवर चेहरा झाकणाऱ्या ढालीशिवाय कुणाला उभं करत नसत. झाकण फुगलेलं दिसलं तर उघडू नका, विकणाऱ्याकडेच परत द्या.

सुनेचं बाळंतपण झालंय. काळ्या बिअरने रक्त वाढतं म्हणतात. (धाराशिव)

आजी, नाही. ती 1929 पासूनच्या गिनेसच्या जाहिरातींची पुण्याई. ग्लासभर बिअरमध्ये एक मिलिग्रॅमही लोह नसतं. अळिवाची खीर द्या, आणि बाकी सगळं तिच्या डॉक्टरांना विचारा.

घरीच बनवून बाटलीत मुरवली तर? साखर किती घालू? (हिंगोली)

किती साखर हे मला येतं, पण सांगणार नाही. परवान्याशिवाय मद्य बनवणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, आणि वर ते फुटलं तर काय होतं ते परभणीकरांना सांगितलंच आहे. राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात जाऊन कायद्यात काय बसतं ते विचारा. तिथून परवाना घेऊन आलात तर साखर मी स्वतः मोजून देईन.